डब्यावरचा चौकोन

१२ जून, गुरु. हमरापूर
गणपतीच्या डोळ्यांचा पांढरा संपला. पेणचा दुकानदार नेहमी पुडीत बांधून देतो, आज अख्खा डबा दिला. चिठ्ठी सगळी चिनी. खाली एक ओळ लाल शाईत. सून सायली म्हणते, "आई, रंग बरा बसतो ना, मग झालं." पाचवा महिना हाय, तरी डोळ्यांच्या आखणीत मला मागे टाकते. शिकवली कोणी!

१३ जून, शुक्र.
लाल ओळ डोक्यातून जाईना. लेक निलेश रोह्याहून शिफ्ट करून आला. कंपनीत चिनी पिंपं येतात म्हणून याच्या फोनात बोटाने अक्षर काढून मराठी अर्थ बघायची सोय. फोटो काढून जमेना, चिठ्ठीला आमच्याच हातांचे डाग. त्याने काढलेलं अक्षर म्हणजे खेकडा. म्हटलं, दे इकडे.
सहा अक्षरं. शेवटचा नुसता चौकोन, मी एका दमात काढला. फोन म्हणे शून्य. नि. म्हणाला, "तसं नाय. आधी उभी रेघ, मग वरून वळव, तळ शेवटी."
उमटलं. शिसे आहे. तोंडात घेऊ नये. चौकोन म्हणजे तोंड.
तीनदा काढलं. तेच.
प्रत्येक डोळ्याला आम्ही ब्रश ओठांत फिरवतो, टोक यायला. सा. नवीन होती तेव्हा तिला किळस यायची. मी हसले होते. "पाण्यानं टोक येत नाय गो, ओठात घे."

१४ जून, शनि.
दुकानात गेले. या वर्षी सगळ्या पुड्या याच मालातल्या. "सगळेच नेतात, कोणी विचारलं नाय." नि. सांगतो, कंपनीत शिशाजवळ काम करणाऱ्यांचं रक्त तपासतात. आणि आम्ही चाटतोय.
सा. ने एवढंच विचारलं, "आई, बाळाला?" जेवण गेलं नाही. हे माझ्या हातून झालं.

१६ जून, सोम.
पेणला दोघींचं रक्त दिलं. डॉक्टरीण म्हणाली, "दिवसातून किती वेळा?" मी सांगितलं, मोजता येणार नाही. रिपोर्ट आठ दिवसांनी.

१७ जून, मंगळ.
डबा बांधून माळ्यावर. दुसरा रंग आणला, पाण्याची वाटी मध्ये ठेवली. सा. ला म्हटलं बसू नको, ऐकत नाही. पहिल्याच डोळ्याला तिचा हात तोंडाकडे गेला. "आई, हात ऐकत नाय."
तिच्या तोंडाला ओढणी बांधली. दोन्ही हातांनी, घट्ट. गाठ मारून ब्रश शोधायला लागले.
माझ्याच ओठांत होता.