तुझ्या नावापुढे कोणाचं नाव लिहू?

प्रिय तिलेक,

मेल सोडून कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. तुझा फोन जियदेही बघते, म्हणून इथून ओशहून तुमच्या बिश्केकला निघालेल्या टॅक्सीवाल्याच्या हाती हे पाठवतेय. आईकडे नारिनला चिखल झालाय, त्यात ती तुझ्या-जियदेच्या लेकाच्या सोहळ्यासाठी मेंढा बघत फिरतेय. नातू चालायला लागला, रीतीप्रमाणे त्याच्या पायांना दोरी बांधून ती कापायची, सगळ्या आळीला जेवायला घालायचं, एवढंच तिच्या डोक्यात. परवा फोनवर म्हणाली, "बुरुल, तिलेकच्या साहेबांनाही बोलाव गं. एवढ्या मोठ्या कंपनीत माझ्या पोराला सांभाळून घेतलं त्यांनी, मानाची जागा त्यांनाच द्यायची." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आपल्या नकाशांच्या प्रोग्रामचा वार्षिक अहवाल यंदा माझ्या गळ्यात पडलाय, ते तुला ठाऊकच आहे. प्रोग्राम सगळ्या जगाला फुकट, पण तो लिहिणाऱ्यांना पगार कोण देतं हे दरवर्षी मांडायचं, आणि ज्या कंपनीच्या माणसांचं काम जास्त तिला कारभारी मंडळात खुर्ची. काम कोणाचं ते मेलच्या पत्त्यावरून ठरतं. तुझ्या प्रत्येक दुरुस्तीवर अक-तोलकुन कंपनीचा पत्ता, म्हणजे तू त्यांचा. रीत म्हणून मी सगळ्या कंपन्यांना आपापली नावं तपासायला पाठवली. अक-तोलकुनच्या ऑफिसातल्या मुलीने उलट कळवलं, "तिलेक यांना आम्ही गेल्या पानगळीतच कमी केलं."

मला वाटलं, पोरगी चुकली. मग तुझं काम उघडून बसले. पत्ता एकदा संगणकात भरला की नोकरी गेली तरी कामावर उमटत राहतो, यंत्र काही विचारत नाही. पुष्कळजण तो बदलायला विसरतात. तू विसरलेला नाहीस. ऑफिस उघडायच्या वेळेला तुझी पहिली दुरुस्ती, सुटायच्या वेळेला शेवटची, मध्ये जेवणाची सुट्टी, शनिवार-रविवार चिडीचूप. अरे, नोकरीत असताना तरी कधी वेळेवर उठलास का? सकाळी जियदेच्या हातचा चहा पिऊन, बॅग घेऊन, कुठल्या वाचनालयात जाऊन बसतोस रे? गाडी गॅरेजात आहे म्हणून हिवाळाभर सांगत होतास, ती विकलीस ना? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? मला राग आला, खूप आला. मग रडले. तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, याचंच जास्त लागलं.

चार दिवसांनी तुझ्या त्या साहेबांचाच फोन. आवाजात साखर, तुझ्यासारखंच मला ताई म्हणत. "बुरुल एजे, आमची पोरगी नवीन आहे, उगाच बोलून गेली. तिलेकला आमच्यातच राहू द्या. तुमच्या भावाची अब्रू राहते, आमची खुर्ची राहते. सांगा, यात नुकसान कोणाचं?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! पण खरं सांगते तिलेक, फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. आईचा सोहळा होईल, साहेब मानाच्या जागेवर बसेल, जियदेला काही कळणार नाही. कोणी खोटं बोलायचीही गरज नाही, नुसतं गप्प बसायचं. माझ्या मनात हे आलं, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

कारण मध्यंतरी मी तुझं हिवाळ्यातलं सगळं काम वाचलं. घाटात नेटवर्क गेलं तरी नकाशा हातात राहतो, ते तुझं. आमच्याकडचे ट्रकवाले त्याला दुवा देतात, तो कोणी केला ते त्यांना माहीत नाही. इतकं चांगलं तू पगार घेऊन कधी लिहिलं नव्हतंस. आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यावर, तुला दार दाखवलेल्या माणसांचं नाव तू स्वतःच्या हाताने लावलंयस. नोकरी गेल्याची लाज तुला कशाला? ती त्यांनी बाळगावी.

आता का लिहितेय ते सांगते. माणूस कोणासाठी काम करतो हे ज्याचं त्यानेच सांगायचं, हा आपला नियम. दुसऱ्या कोणी नाही, सख्ख्या बहिणीनेही नाही. त्यामुळे तुझ्या नावापुढे 'स्वतंत्र' असं मला माझ्या मनाने लिहिता येत नाही, आणि कंपनीचं नाव लिहायला हात धजत नाही. अहवाल शुक्रवारी जातोय. आधी जियदेला सांग, आईला मी सांगते, आणि मग मला एक ओळ पाठव. नाही पाठवलीस तर तुझ्या नावापुढे नियमाप्रमाणे एकच गोष्ट लिहिता येईल, आणि ती मलाच लिहावी लागेल, तुला कडेवर घेऊन वाढवलेल्या बहिणीला: 'हा कोणाचा, माहीत नाही.'

तुझीच,
बुरुल एजे