उलटा पीळ

मंगळवार, दिवेलागणीला

माझं डोकं ठिकाणावर आहे ना? घरात मी एकटी. हे अजून सदर बाजारातल्या दुकानातून आले नाहीत, दाराला आतून कडी.

तांब्याच्या तारेचे डूल करत होते. उजव्या कानाचा झाला. डाव्याची तार कापून ठेवली आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात पळाले. परत येऊन बघते तर डावाही तयार! आणि त्याचा पीळ उलटा.

माझ्या हाताला उलटा पीळ येतच नाही. तो सुषमाचा, माझ्या नणंदेचा. डावखुरी होती. उजव्या कानाचा डूल मी करायची, डाव्याचा ती. एखाद्या दिवशी मीच दोन्ही केले की टोचायची, "दोन्हीले एकच पीळ काहून देऊन राहिली वं वहिनी? अशानं जोडी होते काय?" तिला जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून दोन्ही मीच पिळते, सरळच. गिऱ्हाइकाला काय कळतंय!

का मीच केला असेल, तंद्रीत? म्हणून आत्ता मुद्दाम उलटा पीळ घालून पाहिला. तार तुटली. पुन्हा घातला, पुन्हा तुटली. मग?

एक गोष्ट लिहायची टाळत होते. तार पिळली की क्षणभर गरम लागते, मग लगेच निवते. गॅस बंद करून आले आणि तो डूल उचलला, तेव्हा तो गरम होता.