तुझ्या डोळ्यांना सोसेल असा लॅपटॉप

प्रिय प्रियदर्शनी,

लॅपटॉप कुठला घेऊ, एवढंच विचारलंस आणि मी पत्र लिहायला बसलो. हसू नकोस. मोबाइलवर बोट ठेवलं की मी भांडायला लागतो, पेनाने लिहिताना राग जरा मागे राहतो. पुण्याची कंपनी तुला दोनातला एक निवडायला सांगते आहे. एक तो देखणा, धातूच्या अंगाचा, स्वतःचीच ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन येणारा. दुसरा काळा, जाडजूड, ज्याच्यावर आपलं लिनक्स टाकता येतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं आणि पुढच्या महिन्यात तू निघणार. तू गेल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या संध्याकाळींचं काय करायचं, हे मात्र तुझी कंपनी कुणाला विचारत नाही.

कॉलेजात असतो तर एका शब्दात सांगितलं असतं, लिनक्स. त्यापायीच तर सरांशी वाजलं. मी प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवला, ते म्हणाले परीक्षेला हे चालत नाही, मी म्हणालो मग मला परीक्षा चालत नाही, आणि सॅक उचलली ती उचललीच. सगळा वर्ग बघत बसला. तू तेवढी जिन्यापर्यंत पळत आलीस आणि वरून ओरडलीस, "अरे मूर्खा, जर्नल तरी घेऊन जा!" त्या ओरडण्यावर मी अजून जगतो. कॉलेज सोडल्याचं मला वाईट वाटत नाही गं. माझ्या मित्राच्या, भरतेशच्या, दोन खोल्यांच्या ऑफिसात ऊसतोडीच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर लिहितो, शेतकऱ्याला फोनवर आपली पाळी दिसते, आणि ती पुढे ढकलली गेली की तो मलाच शिव्या देतो. लय बरं चाललंय.

पण या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो आणि माझं मत हललं. तिथल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अजून घोड्यासारखं पळतं. मात्र चिपाडाचा भुसा जाऊन निम्मी बटणं रुसलीत, आणि बिजागरी तुटल्याने स्क्रीन विटेला टेकवून ठेवावा लागतो. ट्रॅक्टरवाले येता-जाता हात जोडतात, "माउली, आमचं वजन जास्त दावा!" सिस्टीम कितीही गुणाची असली तरी दिवसभर मान वाकडी करून तिच्याकडे कोण बघणार? भरतेशला हे म्हटलं तर तो उसळला, "फितूर झालास रं तू! उद्या पोरगी कंपनी बदलंल, नवी कंपनी दुसरीच सिस्टीम देईल, तवा ती काय करंल?" दुपारभर भांडलो. चहा दोनदा गार झाला.

शेवटी घरी येऊन वडिलांना, आमच्या आप्पांना, विचारलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लॅपटॉपमधलं काय कळणार, असं तुला वाटेल. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, वरनं हुकूम आला की शिष्टीम बदलती. आमची रायफल कितींदा बदलली. पण बूट चावला की गडी कामातनं गेला. पोरीला काय चावतंय, ते बघ आधी." मग मी तेच बघितलं. तुला डोळे चावतात. लॅबच्या मिणमिणत्या स्क्रीनपुढे बसलीस की संध्याकाळी कपाळाला बाम लावून, चष्मा हातात धरून बसस्टॉपवर उभी असायचीस. म्हणून सांगतो, तो देखणाच घे. त्याचा स्क्रीन स्वच्छ आहे, बटणं हलकी आहेत, बॅटरी पुरते, पंखा डोकं उठवत नाही. तुला पाठ असलेल्या बहुतेक कमांड त्यावरही चालतात, आणि लिनक्सच हवं झालं तर ते त्याच्या पोटात वेगळं चालवता येतं. एकच कर, मेमरी आत्ताच जास्त मागून घे, नंतर वाढवता येत नाही.

आता आप्पांचं राहिलेलं सांगतो. गेले काही महिने मी दिवस मावळायच्या आत जेवतो. आधी ऑफिसात भरतेशच्या डब्याला बसायचो, तोही तुमच्यातलाच, म्हणून, मग एकटा असलो तरी. कांदा, बटाटा सुटला, अंडंही सुटलं. आई, म्हणजे आमची मंगलबाई, भाकरी थापताना रोज विचारायची, "माळ घातलीस का रं?" आप्पांना वाटलं माझं पोट बिघडलंय. मला गाडीवर बसवून इस्लामपूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पोट ठणठणीत आहे, घरात काय चाललंय ते विचारा. परत येताना आप्पांनी उसाच्या कडेला गाडी थांबवली आणि विचारलं, "हे वळण कुणाच्या घरचं?" मी सांगितलं, सांगलीच्या सुकुमारशेठचं. तुझ्या बाबांचं नाव ऐकून ते गाडीवरून उतरले. मग म्हणाले, "ते जैन, हळदीचं व्यापारी. आपल्यात जत्रंला बोकड पडतंय. सोपं न्हाई गड्या." आणि गाडीला किक मारता मारता, "जायचं तर उजेडातच जायला पायजे. पाव्हण्याला जेवू न घालता लावून देणारी माणसं न्हाईत ती."

हे पत्र त्यासाठी आहे, प्रियदर्शनी. आप्पा रविवारी तुमच्याकडे यायला निघालेत. मी त्यांना थांबवलंय. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला थांब म्हणालो असेन. तुझ्या घरात स्थळांचं बोलणं सुरू झालंय हे मला माहीत आहे, पण तुझ्या मनात मी आहे का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. आज विचारतो. नसेन, तर तसं लिही. चिडणार नाही असं वचन देत नाही, पण चिडून तुझ्या दारात येणार नाही, हे नक्की. असेन, तर पुण्याला खुशाल जा, मी इथेच राहून वाट बघेन, फक्त आधी तुझ्या बाबांच्या कानावर तूच घाल. आप्पांनी ठेवणीतला रेशमी कोसा फेटा उन्हात टाकलाय आणि सकाळपासून मला विचारताहेत, "काय ठरलं?" मी सांगितलंय, ते ठरवणारी सांगलीत आहे.

भांडखोर, पण तुझाच,
यशराज