पूर्वेचा कोपरा

१२ जाने.
क्रेन उभी करायच्या जागेचं काम साहेबांनी दीपकला दिलं. माझा सख्खा मेव्हणा, मीच शब्द टाकून साइटवर चिकटवलेला! खानापूर रोडच्या ह्या पुलावर मी पहिल्या दिवसापासून. पण डिप्लोमा त्याच्याकडे. माझ्याकडे अनुभव आणि दुखरे गुडघे. सुमनने भावासाठी शिरा केला. मी वाटी बाजूला सारली.

१४ जाने. संक्रांत.
"दाजी, तिळगूळ घ्या, गोड बोला." घेतला. बोललो, कामाचं सोडून.
खाली जाळी, वर दगड, मुरूम, रोलर. देखणं काम केलंय मेल्याने. जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.

१६ जाने.
लोखंडी ताट दाबून जमीन तपासली. पास. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझी अठरा वर्षांच्या नोकरीत एकदा तरी?
क्रेनच्या जागेचा पूर्वेचा कोपरा म्हणजे माझ्या मामाचं जुनं भातशेत. चिखलणी करून करून वर घट्ट थर बसलाय, खाली नुसता मऊ गारा, चिखल. लहानपणी तिथं थर फुटून मामाचा बैल पोटापर्यंत रुतला होता. तपासणीचं ताट हातभर, त्याला वरचंच कळतं. क्रेनचा पाय खोल दाबतो.
मला कुणी विचारलं? मग गप्प.

१८ जाने.
क्रेन आली. उद्या पुलाचा पहिला गर्डर उचलायचा. ऑपरेटर बसवराज त्याच कोपऱ्यात चहा पीत म्हणाला, "मस्त जागा केलीय तुमच्या मेव्हण्यानं." केबिनमध्ये हाच बसणार.
घरी सुमन : "दीपक म्हणालता, दाजींनी एकदा बघाय पायजे हुतं."
"मग विचारायचं की!"
"भ्या वाटतंय त्याला. आरशात तोंड बघा जरा आपलं."
खरं बोलली, म्हणून जास्त राग आला. चहा पितानाही बसवराजच डोळ्यांसमोर.

१९ जाने.
सकाळी दीपकला कोपऱ्यात नेलं. सळईवर घणाचे घाव घातले. आधी हलेना, मग थर फुटला आणि सरकन आत गेली.
"हितं क्रेनचा पाय ठेवू नको रं."
पांढराफटक पडला. "आधी का न्हाय सांगितलासा, दाजी?"
"तू विचारलं न्हाईस."
पळत जाऊन त्याने क्रेन थांबवली. दुपारी साहेब सगळ्यांसमोर : "दीपकनं वेळेत ओळखलं, म्हणून वाचलो." दीपकने माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे. बोलला नाही.
तीन दिवस मीही बोललो नव्हतो.
उद्या कोपरा उकरून दगड भरायचे. साहेब आठला येतात. दीपक तोंड उघडतो का बघू.