अंगणात उघडलेली वेर्दिक्यो

अण्णा, तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी बोरीच्या घरात शेवटचा शब्द अजून तुमचाच असतो, आणि गेल्या आठवड्यापासून मी त्यावरच चरफडते आहे. माझ्या लेकीनं इटलीत लग्न केलं. तिचे सासू-सासरे पहिल्यांदाच आले, म्हणून त्यांना परभणीहून बोरीला माझं माहेर दाखवायला नेलं. व्याही द्राक्षं पिकवतात आणि त्यांची पांढरी वाईनही स्वतःच करतात. त्यांच्या भागात तिला वेर्दिक्यो म्हणतात. एक बाटली त्यांनी कपड्यात गुंडाळून तान्ह्या लेकरासारखी आणली होती. लेक त्यांचं बोलणं मला मराठीत सांगत होती: हिच्यासोबत मासा हवा, पण तिखट नको, तिखटानं हिची चव मरते. मी येलदरीच्या धरणावरून ताजा मासा मागवला. तिखटाशिवाय मासा आपल्या हाताला ठाऊक नाही. तरी मीठ, हळद, लसूण, लिंबू एवढंच लावलं, ज्वारीच्या पिठात घोळवून तळला. सोबत काकडी आणि मऊ भाकरी.

ताटं वाढली आणि दादा दारात येऊन उभा राहिला.

"आण्णाच्या घरात दारू उघडायची न्हाई."

"दारू न्हाई रे, वाईन हाय. त्यांच्या मळ्यातली. जेवताना घोटभर घेतात ते."

"द्राक्षाची आसू दे न्हाईतर मोहाची. आण्णा काय म्हनले होते, इसरलीस?"

विसरले नाही. एकदाच म्हणाला होतात. चुलतकाका पिऊन आले, काकूवर हात उगारला, तेव्हा तुम्ही त्यांना दंडाला धरून बाहेर काढलंत आणि म्हणालात, "हे या घरात पुन्हा नको." 'हे' म्हणजे काय, अण्णा? बाटली, की बाईवर उगारलेला हात? दादानं त्याचा अर्थ बाटली असा धरला, मी उगारलेला हात असा, आणि सांगायला तुम्ही नाही. तुम्ही तर मासाही खात नव्हतात. तरी मामा येलदरीचा मासा घेऊन आला की माझ्याजवळ पाट ओढून बसायचात, चष्मा सरसावायचात आणि माझ्या ताटातला एकेक काटा काढून द्यायचात. मग वास जाईपर्यंत राखेनं हात घासायचात. हे दादाला का आठवत नाही?

आमचं भांडण व्याह्यांना शब्द न कळताही कळलं. त्यांनी मुकाट्यानं बाटली पुन्हा कपड्यात गुंडाळायला घेतली. लेकीचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी अंगणात चटई टाकली, ताटं बाहेर नेली. "आभाळाखाली तर आण्णाचं काही म्हणणं न्हाई ना?" बाटली उघडली, स्टीलच्या पेल्यांत ओतली. व्याह्यांनी माशाचा घास घेतला, वर घोट घेतला आणि डोळे मिटून मान हलवली. दादाला दोनदा जेवायला बोलावलं, तो उंबऱ्यातच उभा. पाहुणे गेले, तरी तो अजून माझ्याशी बोलत नाही. वहिनी बिचारी फोनवर दोघांचे निरोप पोचवून कंटाळलीय.

हे लिहिलेलं टाकायचं कुठं? दादाला वाचून दाखवावं, तर तो म्हणेल, "आण्णाला शिकवायलीस का?" राहू दे इथंच. पण एक तुम्हालाच सांगते. ती वाईन मला मुळीच आवडली नाही. आंबट, आणि घोट उतरल्यावर कडू बदामासारखी. तरी दादाकडे बघत बघत पेला रिकामा केला, आणि आणखी मागून घेतली.