खाजणाचं तोंड

कॅलिफोर्निया, २४ सप्टेंबर २०२५

चि. आश्लेषास,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. आईच्या अस्थी मी आमच्या घरामागच्या खाजणात सोडल्या. तू जानेवारीपर्यंत थांब म्हणाली होतीस, माहीत आहे. पण जुलैपासून कलश लॉन्ड्रीच्या कपाटात होता आणि नीलांबरी कपडे धुताना रोज डोळे पुसायची. मलाच ते बघवेना. फेब्रुवारीत आई त्या काठावर बसून समुद्राचं पाणी आत-बाहेर होताना बघायची, मासे दिसले की रुहीला हाका मारायची. याहून चांगली जागा कुठली? तुम्ही पाण्याचे डॉक्टर लोक सगळ्यात खुसपट काढता, यात काढू नकोस.
लोभ कमी करू नकोस.
तुझा दादा,
यतीन

ॲन आर्बर, २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. खुसपट काढतेच. थांब म्हटलं ते मला यायचं होतं म्हणून, हे खरं; मीही तिची मुलगी आहे. पण आणखी एक कारण होतं आणि ते मी तुला स्मशानातून परतताना गाडीत सांगितलं होतं. तू मान डोलावलीस, लक्ष रस्त्यावर होतं.

उन्हाळ्यात लाटा वाळू आणून खाजणाचं तोंड बुजवतात. हिवाळ्यात पावसाने ओढा भरला की ते फुटतं. आईने फेब्रुवारीत पाहिलेलं पाणी वेगळं आणि सप्टेंबरातलं वेगळं. वाहत्या पाण्यात सोडायचं सोडून तू तिला कोंडून ठेवलंस. माझ्यासाठी चिमूटभर राख तरी ठेवली आहेस का?
रुहीला गोड पापा.
आश्लेषा

कॅलिफोर्निया, ९ ऑक्टोबर

चि. आश्लेषास,
आशीर्वाद. नाही ठेवली. सुचलंच नाही.

तुझं पत्र वाचून काठावर गेलो. हिरवी साय आली आहे आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तेव्हापासून जेवण जात नाही. शेजारीही वासाने वैतागलेत, वाळू कापून तोंड उघडून द्या म्हणून काउंटीकडे अर्ज करताहेत. तू याच खाजणावर पीएचडी केलीस. तुझी दोन ओळींची शिफारस आली तर ते ऐकतील. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो. आईला मोकळं करू दे.
उत्तराची वाट पाहणारा,
दादा

ॲन आर्बर, १४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. शिफारस देणार नाही. ओढ्याचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. समुद्राचं खारं तळाशी बसतं आणि महिनोन्‌महिने कोंडून त्यातला प्राणवायू संपतो. मासे वरच्या थरात तग धरून आहेत. आता तोंड उघडलं तर वरचं चांगलं पाणी निघून जाईल आणि मासे खालच्या नासक्या पाण्यात गुदमरतील. मोठा पाऊस आला की तो तळापासून सगळं ढवळून नेतो. तोवर थांब. या वेळी खरंच थांब. मी जानेवारीत येते, दोघं काठावर उभे राहू. माझा राग तोवर निवळेल असं वाटतं.
माया आहे, म्हणूनच नाही म्हणते.
आश्लेषा

कॅलिफोर्निया, २० ऑक्टोबर

चि. आश्लेषास,
आशीर्वाद. आज लक्ष्मीपूजन, पण आईचं वर्ष सरलेलं नाही म्हणून आकाशकंदील लावला नाही.

शनिवारी सकाळी मी आणि दोन शेजारी फावडी घेऊन गेलो आणि वाळूत चर खणला. पाण्याने तो बघता बघता रुंद केला. सगळं धो धो समुद्राकडे निघालं तेव्हा मी हात जोडले. इतकं हलकं मला जुलैपासून वाटलं नव्हतं.

काल सकाळी काठभर मासे मरून पडले होते. आजी दाखवायची तेच हे मासे, म्हणून रुही रडली. हू डिड धिस, बाबा, असं विचारत होती. माहीत नाही म्हणालो.

तू रागावशील, रागाव. फक्त एवढं लिही की आई गेली.
तुझा,
दादा

ॲन आर्बर, २६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुला हवं ते लिहायला बसले होते. दोनदा लिहून फाडलं.

अस्थी जड असतात, पडतात तिथेच तळाशी बसतात. तू सोडून दिलंस ते वरचं पाणी, माशांचं. खालचं जिथल्या तिथे आहे आणि आई त्यात आहे. लाटांनी आतापर्यंत तुझा चर बुजवलाही असेल.

जानेवारीत येईन, हॉटेलात उतरेन. रुहीला त्याआधी तू सांग. तिने मला विचारलं तर मी माहीत नाही म्हणणार नाही.
नीलांबरीवहिनींना नमस्कार.
आश्लेषा