व्होल्टेजची आणखी एक पायरी

देवनहळ्ळी, ११ जून २०२३

तीर्थरूप अप्पांस,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरचे निरोप तुम्ही उघडत नाही, म्हणून तासा-दोन तासांच्या अंतरावरची दोन माणसं पोस्टाने बोलतात. इथल्या पोस्टमनला याची फार गंमत वाटते.

एक काळजी आहे. तुम्ही चार वर्षांपूर्वी माझ्या पीएचडीसाठी जोडून दिलेला कॉम्प्युटर या आठवड्यात दोनदा आपोआप बंद पडला. इथल्या तळ्यांचं पाणी जमिनीत किती मुरतं, त्याचं गणित त्याच्यावर अष्टौप्रहर चालू असतं. एकेक गणित दहा-बारा दिवस चालतं, मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी धूळ झटकली, वायरी काढून पुन्हा बसवल्या. काही उपयोग नाही.

कॉलेजात मुली विचारतात, मॅडम डॉक्टर कधी होणार? त्रेचाळिसाव्या वर्षी हा प्रश्न ऐकून लाजावं की रागवावं, कळत नाही.

साखर तपासून घ्या. श्यामलाक्का खालच्या मजल्यावरून हुळीचं आंबट वरण पाठवतात म्हणून भात वाढवू नका.

तुमच्या लोभाचीच,
हेमा


बसवनगुडी, १६ जून २०२३

चि. हेमास,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मी तो प्रोसेसर बराच वर चढवून ठेवलाय, हे तुला ठाऊक आहे. मुदत सहा वर्षांची, आणि नेमलेल्या वेगाने तुझी गणितं आठ वर्षं चालली असती, म्हणून चढवला. तो स्वल्प दमला असेल. त्याला थोडा जास्त दाब दिला की झालं.

चालू होतानाच्या निळ्या पडद्यावर जा. तिथे व्होल्टेज १.३० दिसेल, ते १.३४ कर. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस. पीण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी विजेच्या मोटारींचं वायंडिंग केलं, विजेशी कसं वागायचं ते मला कळतं. त्या कारखान्याने कान नेले, डोकं नाही.

साखर तपासली. आकडा सांगणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्यावर मर्जी ठेवावी.
अप्पा


देवनहळ्ळी, ९ डिसेंबर २०२३

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न.

तुमच्या उपायाने सहा महिने कॉम्प्युटर एकदाही थांबला नाही. त्यातच आनंदाची बातमी. माझा पहिला शोधनिबंध स्वीकारला गेला. आमच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी या वेळी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की हे काम तालुक्याच्या उपयोगी पडेल. एअरपोर्टकडचं एक तळं घरांच्या लेआउटसाठी बुजवायचं घाटतंय. त्या तळ्यामुळेच आसपासच्या विहिरींना पाणी आहे, असं माझं गणित सांगतं. गावच्या लोकांनी निबंधाची प्रत मागून नेली.

आता वाईट बातमी. सोमवारपासून पुन्हा तेच. काल तीनदा बंद पडला. पेटीला हात लावला तर चटका बसतो. आता काय करू?

कडलेकाई परिषेला, तुमच्या त्या शेंगांच्या जत्रेला, मला येता येणार नाही. माझ्या वाटच्या शेंगा तुम्ही खाऊ नका, श्यामलाक्कांना द्या.

माया आहे तशीच राहू द्या.
हेमा


बसवनगुडी, १४ डिसेंबर २०२३

चि. हेमास, अनेक आशीर्वाद.

निबंधाचं वाचून मी खाली जाऊन श्यामलाक्कांना सांगितलं, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. तो कन्नडमध्ये काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण हसत होता.

व्होल्टेज १.३९ कर. मोठा पंखा कुरियरने पाठवलाय, तो बसव. थीसिस देईपर्यंत धरेल. त्यानंतर आपण त्याला विश्रांती देऊ, सरी, ठीक आहे?

गावच्या लोकांना सांग, हेमलताच्या बापाने यंत्र जोडलंय.

आहे तो जिव्हाळा वाढता राहो.
अप्पा


देवनहळ्ळी, २० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अप्पांस, शि. सा. न.

दोन महिने लिहिलं नाही, त्याचं कारण लिहिते. तुम्ही बसून वाचा.

ऑगस्टमध्ये थीसिसच्या तपासणीआधी संयोगिता मॅडमनी एक जुनं गणित पुन्हा चालवायला सांगितलं. नुसता रिवाज म्हणून. उत्तर वेगळं आलं. तिसऱ्यांदा चालवलं, तिसरंच आलं. आकडे तेच, प्रोग्रॅम तोच.

आमच्या कॉम्प्युटर विभागातले उपेंद्र सर येऊन दोन दिवस तपासत बसले. त्यांनी समजावलं ते असं. प्रोसेसरच्या आत केसाहून कितीतरी बारीक तांब्याच्या तारा असतात. दाब आणि उष्णता जास्त असली की वाहत्या विजेच्या रेट्याने तारेतले कण हळूहळू जागचे सरकतात. आतली कोट्यवधी बटणंही सुस्तावतात. नवा असताना जो वेग त्याला पेलतो, तो पेलायला पुढे जास्त व्होल्टेज लागतं, आणि जास्त व्होल्टेजने झीज आणखी भरभर होते. बंद पडला तर निदान कळतं, ते म्हणाले. बंद न पडता एखादा गुणाकार चुकला तर कोणालाच कळत नाही.

चुका कधीपासून होताहेत ते सांगता येत नाही. म्हणजे कुठलंच उत्तर खरं धरता येत नाही. निबंधही. तो मागे घेत असल्याचं पत्र मी गेल्या महिन्यात नियतकालिकाला पाठवलं. ते तळं बुजवणाऱ्यांच्या वकिलाला हे कळलं, आणि गावकऱ्यांनी माझा निबंध जोडून जी हरकत घेतली होती, तिच्या सुनावणीत त्याने माझंच पत्र वाचून दाखवलं. मी मागच्या बाकावर होते. गावातल्या ठकुबाई माझ्या शेजारी होत्या, त्या उठून पलीकडे जाऊन बसल्या.

नव्या यंत्रावर सगळं पुन्हा करायला चौदा महिने लागतील. मुदत डिसेंबरात संपते. वाढवून मागितली होती, नकार आला.

हेमा


बसवनगुडी, ९ नोव्हेंबर २०२४

चि. हेमास,

एक गोष्ट तुला माहीत नाही. १.३९ लिहिलं त्याच्या आधी मी लायब्ररीत जाऊन वाचलं होतं. एवढ्या व्होल्टेजने प्रोसेसरचं आयुष्य कमी होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. वेग उतरव म्हणून लिहायला हवं होतं. पण वेग उतरवला असता तर तुझी मुदत चुकली असती, आणि मी अगोदरच इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलो होतो. वाटलं, वर्षभर धरेल.

मला इतकंच ठाऊक होतं की तो मरेल. मोटारीवर जास्त भार टाकला की वायंडिंग तापतं, जळका वास येतो, धूर निघतो, ती थांबते. थांबलेली मोटार कोणाला फसवत नाही. हे यंत्र मरता मरता खोटं सांगत राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी संयोगिता मॅडमना आणि युनिव्हर्सिटीला पत्रं लिहिली. यंत्र मी बिघडवलं, मुलीचा दोष नाही, असं. युनिव्हर्सिटीकडून पोच आली. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या, की यंत्र कोणाचंही असलं तरी उत्तर पडताळण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची असते.

त्यांचं बरोबर आहे. पण तू ज्याच्या भरवशावर पडताळलं नाहीस, तो मी.

अप्पा


देवनहळ्ळी, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला तीन महिने लावले. ‘तुमची चूक नाही’ असं लिहायला चार वेळा बसले आणि चारही कागद फाडले. चूक माझीही आहे, मॅडमची आहे, घाईची आहे, पण त्यामुळे तुमची कमी होत नाही.

पीएचडीची नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. कॉलेजात मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला भूगोल शिकवते. मुली आता काही विचारत नाहीत. मी कॉम्प्युटर कंपनीने नेमलेल्या वेगावर आणून पाहिला. त्या वेगावरही तो आता तासभर टिकत नाही. तळ्यात मुरूम टाकायला सुरुवात झाली. बसमधून दिसतं. माझं गणित बरोबर होतं की चूक, हे आता विहिरींकडूनच कळेल, आणि तेव्हा कळून काही उपयोग नाही.

रविवारी येईन. जेवू, बसू. ‘मला क्षमा केलीस का’ असं तुम्ही विचारू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला उत्तर पाटीवर लिहून दाखवावं लागेल, आणि अजून माझा हात ते लिहायला तयार नाही.

श्यामलाक्कांना नमस्कार. औषध वेळेवर घ्या.

तुमची,
हेमा